नवशिक्यास अभय

पाण्यासंबंधी आपल्या समाजात दोन उपदेश प्रचलित आहेत आणि ते एकमेकांच्या अगदी विरुद्ध आहेत. एक म्हणतो, पाण्यात पडल्यावाचून पोहता येत नाही; दुसरा म्हणतो, पोहता आल्यावाचून पाण्याजवळ फिरकू नये. पहिला बहुधा मामाकाकांच्या तोंडी असतो आणि दुसरा आईच्या. दोन्ही अनुभवातून निघालेले आहेत आणि दोहोंतही सत्याचा अंश आहे. परंतु काठावर उभे राहून एकदा पाण्याकडे व एकदा वडील माणसांकडे पाहणाऱ्या मुलाच्या मनात जो प्रश्न असतो, त्याचे उत्तर दोहोंपैकी एकातही नाही. तुम्ही मला आत नेणार, ते कशाच्या भरवशावर, असा तो प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार कर्तव्य आहे. ज्याला धोक्याचे ज्ञान आहे त्याने ज्याला ते नाही त्याला धोक्यात नेणे केव्हा न्याय्य ठरते, आणि तसे नेल्याने नेणाऱ्यावर कोणते ऋण चढते?

या प्रश्नासाठी उदाहरण घ्यावयाचे ते समुद्रात चालविल्या जाणाऱ्या कयाक नावाच्या होडीचे. यवतमाळसारख्या जिल्ह्यात बसून समुद्राच्या गोष्टी सांगणे पुष्कळांस चमत्कारिक वाटेल, कारण येथून अरबी समुद्र सरळ रेषेत मोजला तरी सुमारे साडेपाचशे किलोमीटर दूर आहे. परंतु हे अंतर आता पूर्वीचे राहिलेले नाही. दिवाळीच्या अगर उन्हाळ्याच्या सुटीत येथील कितीतरी कुटुंबे कोकणात जातात. ज्यांनी जन्मभर विहीर, नाला आणि धरण यांपलीकडे पाणी पाहिले नाही, अशी माणसे तारकर्लीच्या किनाऱ्यावर उतरतात, आणि तासाभरात त्यांच्या हाती वल्हे दिलेले असते. बरोबर मुले असतात. पोहता येते का, असे कोणी विचारलेच तर वडील मोघम हसतात. कारण मुलांदेखत ‘मला पोहता येत नाही’ असे म्हणणे आपल्या मध्यमवर्गीय गृहस्थास अजून फार जड जाते.

ही कयाक मूळची उत्तर ध्रुवाकडील बर्फाळ किनाऱ्यांवरच्या इन्युइट लोकांची. लाकडाचा किंवा हाडांचा सांगाडा करून त्यावर सीलचे कातडे ताणून बसवावयाचे, वर माणसाची कंबर मावेल एवढेच भोक ठेवावयाचे, आणि आत पाय लांब करून बसून दोन्ही टोकांस पाते असलेल्या वल्ह्याने ती चालवावयाची, अशी तिची रचना. आज ती बहुधा प्लास्टिकची असते आणि किनाऱ्यावर पर्यटकांस देतात ती वरून मोकळीही असते. परंतु खऱ्या समुद्रप्रवासाच्या कयाकमध्ये बसणारा आजही होडीत शिरलेला असतो, आणि लाटेचे पाणी आत येऊ नये म्हणून त्याच्या कमरेभोवती एक जलरोधक पडदा होडीच्या काठाला घट्ट बसविलेला असतो. ही होडी अरुंद आहे, हलकी आहे आणि उलटणारी आहे. ती उलटली म्हणजे बसणारा डोके खाली करून पाण्यात लटकतो.

आता नवशिक्यास ही विद्या नीट शिकवणारा प्रशिक्षक पहिल्याप्रथम काय शिकवतो, हे पाहण्यासारखे आहे. वल्हे कसे मारावे, होडी कशी वळवावी, हे पुढे येते. पहिल्या धड्यांतच तो शिष्याला छातीभर शांत पाण्यात नेतो आणि त्याची होडी उलटी करावयास लावतो. श्वास रोखावा, अंग पुढे वाकवावे, पडद्याच्या पुढच्या बाजूस असलेली पट्टी चाचपून ओढावी, हात होडीच्या काठांवर टेकून कंबर बाहेर ढकलावी, वर यावे, आणि वर आल्यावर होडी व वल्हे सोडू नये. कारण वाऱ्याने होडी मनुष्याच्या पोहण्याहून अधिक वेगाने दूर जाते. हे एकदा करून भागत नाही. पुन्हा पुन्हा करावे लागते, इतके की शिष्याच्या हाताला पट्टी कोठे आहे हे डोक्यापेक्षा आधी कळावे. त्यानंतर सोबत्यांनी एकमेकांस कसे वाचवावे हा धडा येतो: एकाने उलटलेल्या होडीचे टोक आपल्या होडीवर ओढून पाणी सांडावे, ती सुलटी करावी, दोन्ही होड्या घट्ट धराव्या आणि पाण्यातल्याने वर चढावे.

वरवर पाहता हा क्रम विचित्र आहे. घोड्यावर बसावयास शिकवताना कोणी आधी पडावयास शिकवीत नाही, आणि सायकलच्या पहिल्या दिवशी आपण मुलाला पडू न देण्याचीच खटपट करतो. मग येथेच आरंभ अपघाताने का? याचे उत्तर असे की, ज्या संकटात विचार करण्यास सवड नसते त्या संकटाचे ज्ञान केवळ डोक्यात असून उपयोगी पडत नाही. पाण्याखाली उलटे लटकलेल्या मनुष्यास ‘घाबरू नकोस’ असे सांगता येत नाही. त्याला जे कळावयाचे ते काठावरच्या निवांत वेळी, उथळ पाण्यात, भरवशाच्या माणसाच्या हाताखाली कळून चुकलेले असले पाहिजे. सुरक्षितपणा ही माहिती नसून सवय आहे, आणि सवय ही केल्यावाचून लागत नाही.

यात एक नैतिक मर्मही आहे. नवशिक्यास धीर देण्याचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे ‘काही होत नाही’ असे सांगणे. दुसरा म्हणजे ‘असे असे होऊ शकते, आणि झाले तर हे कर’ असे दाखवून देणे. पहिल्याने भीती झाकली जाते आणि दुसऱ्याने ती हळूहळू निरुपयोगी होते. भगवद्गीतेच्या 16व्या अध्यायात दैवी संपत्तीची गणना अभय या गुणापासून सुरू होते, हे वाचकांस ठाऊकच आहे. हा गुण आणि धोक्याची गंधवार्ताही नसलेल्या मनुष्याचा बेडरपणा हे एकच असतील, तर तान्ह्या मुलासारखा निर्भय कोणी नाही असे म्हणावे लागेल; कारण ते विस्तवातही हात घालते. धोका पाहून झाल्यावर, त्याला एकदा स्पर्श करून परत आल्यावर जे मनात उरते तेच खरे अभय. नवशिक्याला हे अभय देता येत असेल तरच त्याला पाण्यात नेण्याचा अधिकार आपणांस पोहोचतो.

हा अधिकार नसताना नेले म्हणजे काय होते याचे एक उदाहरण इंग्लंडात घडून गेले आहे. 22 मार्च 1993 रोजी प्लिमथ येथील एका शाळेतील आठ मुले, त्यांचे एक शिक्षक आणि साहस-केंद्राचे दोन प्रशिक्षक लाइम रेजिस या गावाहून कयाकमधून निघाले. जावयाचे होते ते किनाऱ्याकिनाऱ्याने चारमथपर्यंत, म्हणजे जेमतेम दोन मैल. मुले नवशिकी होती आणि प्रशिक्षकांचे स्वतःचे शिक्षणही बेताचे होते. वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत होता. असा वारा मोठा फसवा असतो. काठाजवळचे पाणी तो सपाट व शांत ठेवतो, आणि होडी मात्र मुकाट्याने आत आत नेतो. शिक्षकांची होडी वारंवार उलटू लागली. एक प्रशिक्षक त्यांच्याजवळ थांबला आणि बाकीचा तांडा दूर वाहत गेला. होड्यांत पाणी भरू लागले. संकटाची खूण करण्यासाठी अग्निबाण जवळ नव्हते आणि किनाऱ्यावरून हाक जाण्यास फार उशीर झाला. चार मुले त्या थंड पाण्यात दगावली.

पुढे चौकशीत असे निघाले की, त्या केंद्रातील दोन प्रशिक्षकांनी आदल्या वर्षीच सुरक्षिततेच्या हेळसांडीविषयी चालकास लेखी इशारा देऊन नोकरी सोडली होती. 1994 साली न्यायालयाने ती कंपनी आणि तिचा चालक या दोघांसही मनुष्यवधाबद्दल दोषी ठरवले, आणि 1995 साली तेथील पार्लमेंटने मुलांच्या साहस-केंद्रांसाठी स्वतंत्र कायदा केला. या खटल्याचे तात्पर्य ध्यानात घेण्याजोगे आहे. मुले आपखुशीने होडीत बसली होती आणि आईबापांनी परवानगी दिली होती. तरी जबाबदारी नेणाऱ्याचीच ठरली. कारण ज्याला समुद्र माहीत नाही त्याचा होकार म्हणजे समुद्राला दिलेला होकार होत नाही. तो समोरच्या माणसावर टाकलेला विश्वास असतो. नवशिका आपला जीव ठेव म्हणून आपल्या हाती देतो, आणि ठेवीचा धर्म असा की, ज्याच्याकडे ठेवली त्याने ती स्वतःच्या मालाहून अधिक जपावी.

इंग्लंडच्या या गोष्टीस प्रतिरूप अशा गोष्टी आपल्या विदर्भातही घडल्या आहेत. भेद एवढाच की, त्यांत समुद्र नव्हता. 9 जुलै 2017 रोजी नागपूर जिल्ह्यातील वेणा जलाशयात सहलीस आलेल्या तरुणांची होडी उलटून आठ जण बुडाले. होडीत मोबाईलवर चित्रण चालू होते. 14 सप्टेंबर 2021 रोजी वर्धा नदीत, वरूड तालुक्यातील झुंज येथे, दशक्रियेच्या निमित्ताने जमलेल्या आप्तांची नाव उलटली आणि अकरा जणांचा अंत झाला. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, 28 सप्टेंबरला, आपल्याच जिल्ह्यात उमरखेडजवळ दहागावच्या नाल्याच्या पुलावरून पाणी वाहत असता नांदेडहून नागपूरकडे निघालेली बस तो ओलांडताना वाहून गेली आणि प्राणहानी झाली. या तिन्ही प्रसंगी कोणाच्या मनात काय होते हे सांगण्याचा अधिकार आपणांस नाही, आणि मेलेल्यांस दोष देणे अनुदारपणाचे होईल. परंतु पाण्याच्या काठी आपण सर्वच जण जे वाक्य सहज उच्चारतो ते आपणांस ठाऊक आहे. ‘चला हो, काही होत नाही!’ शंभरांपैकी नव्याण्णव वेळा खरोखरच काही होत नाही, आणि म्हणूनच हे वाक्य इतके घातक आहे. ते प्रत्येक वेळी खरे ठरून आपली पत वाढवते आणि मग एके दिवशी सारी थकबाकी एकदम वसूल करते.

येथे काही आक्षेप उभे राहतील. पहिला असा की, एवढी सावधगिरी शिकवल्याने पिढी भित्री होईल. आमच्या लहानपणी पाठीला भोपळा बांधून विहिरीत ढकलून देत आणि आम्ही आपोआप पोहू लागत असू. हा आक्षेप घेणारे वडीलधारे आपल्याच आठवणीतील अर्धा भाग विसरतात. पाठीला भोपळा होता! तो सुका भोपळा म्हणजे त्या काळचे लाइफ जॅकेटच होते. काठावर दोर घेऊन काका उभे होते आणि पाण्यात आधीच उतरलेला थोरला भाऊ खाली वाट पाहत होता. चार दिवसांनी भोपळा लहान होई आणि पुढे एके दिवशी तो नकळत काढून घेतला जाई. ढकलणे तेवढे आपल्या स्मरणात राहिले आणि त्यामागची सारी तयारी विस्मृतीत गेली. ती परंपरा बेफिकिरीची मुळीच नव्हती. तिचा खरा दोष एवढाच की, ती बहुतेक मुलांपुरती होती; मुलींच्या वाट्यास भोपळाही आला नाही आणि विहीरही आली नाही. पाणी भरावयास, धुणे धुवावयास रोज पाण्याच्या काठी जावयाचे ते मात्र त्यांनीच!

दुसरा आक्षेप कुशल मनुष्याचा असतो. त्याला पोहता येते, त्याला नदी ठाऊक असते, आणि जाकीट घालणे त्याला अपमानासारखे वाटते. त्याने जिनो वॉटकिन्स या इंग्रज संशोधकाची हकीकत ध्यानात ठेवावी. ग्रीनलंडच्या रहिवाशांकडून कयाकची विद्या त्याने अशी आत्मसात केली होती की, उलटलेली होडी तो आत बसल्या बसल्याच वल्ह्याच्या फटकाऱ्याने सुलटी करी. 20 ऑगस्ट 1932 रोजी तो एकटाच सीलच्या शिकारीस गेला. त्याची रिकामी होडी पाण्यावर उलटी तरंगताना सापडली. तो सापडला नाही. त्या वेळी त्याचे वय 25 वर्षांचे होते. कौशल्याने धोका कमी होतो, नाहीसा होत नाही. आणि एकट्याच्या कौशल्यास दुसऱ्या हाताची जोड नसते. शिवाय कुशल मनुष्य केवळ स्वतःपुरता वागत नाही. त्याच्या मागून येणारे नवशिके त्याचे कौशल्य उचलू शकत नाहीत, त्याची बेपर्वाई मात्र तत्काळ उचलतात. नावाड्याच्या अंगात जाकीट असेल तर प्रवासी ते निमूटपणे घालतात. त्याने ते बैठकीखाली कोंबून ठेवले असेल तर मागून घेण्याचीही त्यांना लाज वाटते.

तिसरा आक्षेप सर्वांत साधा आणि सर्वांत बलवान आहे. एवढा धोका आहे तर जावेच कशाला? धरणाच्या भिंतीवर पाण्यात उतरण्यास मनाई असल्याची पाटी असतेच. ती पाळली म्हणजे झाले. होडीच्या विहारापुरते हे उत्तर पुरेसे असते. परंतु आपल्या जिल्ह्यातील पाणी हा विहाराचा विषय नाही. उत्तरपूर्वेस वर्धा आणि दक्षिणेस पैनगंगा यांनी या जिल्ह्याच्या सीमा आखल्या आहेत. बाभूळगावजवळ बेंबळा, दिग्रसजवळ अरुणावती, पुसदजवळ पूस आणि त्याच्या दक्षिणेस पैनगंगेवर इसापूर, असे जलाशय पसरलेले आहेत. पोळ्याला बैल धुवावयास नदीवर जावेच लागते, आणि गणपती बोळवावयास तळे लागतेच. शिवारांत शेततळी झाली आहेत. त्यांच्या उतारावर प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो आणि तो ओला झाला की, पाय घसरून आत पडलेल्या धडधाकट मनुष्यासही वर चढता येत नाही. दहागावच्या बसमधील उतारू जलविहारास निघाले नव्हते. ते गावी निघाले होते. ज्या देशात पावसाळ्यात रस्त्याचीच नदी होते, तेथे पाण्यापासून दूर राहा हा उपदेश कितीही प्रेमाचा असला तरी पाळणे शक्य होत नाही. मनाईने मूल पाण्यापासून दूर राहत नाही. ते फक्त आपल्यापासून दूर, चोरून, पाण्याकडे जाते.

तेव्हा मामाचा उपदेश आणि आईचा उपदेश यांत निवड करण्याची गरज नाही. दोघांनी मिळून काठावर यावे एवढेच पुरे. आईने आपली भीती घेऊन यावे आणि मामाने आपला दोर. उन्हाळ्यात पाणी कमी व संथ असताना, तळ ठाऊक असलेल्या कंबरभर पाण्यात, मुलामुलींना श्वास रोखणे, पाठीवर तरंगणे आणि कपड्यांनिशी काठ गाठणे एवढे तरी शिकवावे. बुडणाऱ्यामागे उडी घालणे हे शौर्य दिसते, परंतु त्याने एकाच्या जागी दोघे जातात. दोर, लांब बांबू, लुगडे, रिकामा झाकणबंद डबा, जे हाती लागेल ते त्याच्याकडे टाकावे, हे दहा वेळा खेळ म्हणून करवून घ्यावे. प्रत्येक शेततळ्याच्या काठी खुंटीला बांधून एक गाठींचा दोर आत सोडलेला असावा. बाहेर काढलेला मनुष्य श्वास घेत नसेल तर त्याला गरगरा फिरवण्यात अगर पोट दाबून पाणी काढण्यात वेळ न दवडता तोंडाने श्वास द्यावा आणि छातीवर दाब द्यावा. ही क्रिया शिकलेला निदान एक तरी मनुष्य प्रत्येक घरी असावा. वेगाने वाहणारे पाणी घोट्याच्या थोडे वर असले तरी माणसाचे पाय सुटतात, आणि दोन फूट असले तर मोटार तरंगू लागते, हे शाळेतल्या पाढ्याइतके पाठ असावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे 2021 या एका वर्षात जगात सुमारे तीन लक्ष माणसे बुडून मेली. ही सारी अटळ मरणे होती असे कोणास म्हणता येईल?

याहून कठीण असे एक कर्तव्य राहिले, आणि ते नेणाऱ्याचे आहे. ते म्हणजे ‘आज नको’ असे म्हणणे. पाहुणे सातशे किलोमीटर प्रवास करून आले आहेत, पैसे भरले आहेत, सुटीचा शेवटचा दिवस आहे, मुले हट्ट धरून बसली आहेत, आणि आकाश निरभ्र दिसत आहे. फक्त वारा जमिनीकडून वाहत आहे. अशा वेळी जो नावाडी अगर प्रशिक्षक आपल्या दिवसाच्या कमाईवर पाणी सोडून होड्या वाळूवरच ठेवतो, त्याचा गौरव कोणी करीत नाही. उलट पाहुणे कुरकुर करतात आणि पलीकडच्या दुसऱ्या होडीवाल्याकडे जातात. वाचवलेला जीव दिसत नसतो. न घडलेल्या अपघाताची बातमी कोठेही छापून येत नाही. म्हणून या कर्तव्यास बाहेरून बळ मिळत नाही, आणि त्यात जे बळ लागते ते धैर्याहून वेगळे आहे असे मला वाटत नाही. लाटेवर स्वार होण्यास धैर्य लागते हे सर्वांस दिसते, आणि हसणाऱ्या दहा माणसांपुढे होडी न लोटण्यास ते थोडे अधिकच लागते.

आणि नवशिक्याचे काय? त्याच्यावर काहीच ऋण नाही काय? आहे, परंतु ते लहान आहे आणि त्याने ते फेडल्यावाचून वरचे मोठे ऋण फेडता येत नाही. त्याने आपले अज्ञान लपवू नये. ‘मला पोहता येत नाही’ हे एक वाक्य त्याने मुलांदेखत, बायकोदेखत, चारचौघांत स्वच्छ उच्चारावे. ज्या वडिलांनी ते उच्चारले आणि मग जाकिटाचे बंद आपल्या हाताने आवळून घेतले, त्यांची प्रतिष्ठा मुलांच्या मनात कमी होईल ही भीती व्यर्थ आहे. मोठ्या माणसालाही न येणाऱ्या गोष्टी असतात आणि त्या शिकता येतात, हे त्या मुलांना त्या दिवशी प्रथम कळलेले असते.